अनुभव धागा: घरातलं टेस्ट बटण दाबल्यावर काय झालं?

मेन स्विचशेजारच्या आरसीसीबीवर (करंट गळू लागला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की वीज तत्काळ जायला हवी. एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की पडणारा स्विच) वायरिंगला सांभाळते. माणसाला शॉक बसताना वीज तोडायची ती आरसीसीबीने, म्हणून घरात ३० मिलिअँपिअरची बसवतात. पुण्यात पाऊस सुरू व्हायच्या आत मी बटण, अर्थिंग आणि धुराचा अलार्म तपासून घेते. तुमच्याकडे काय तपासतात, काय सापडलं, सविस्तर लिहा. वायरमन मंडळींनी तर नक्कीच.

सदाशिव पेठ, वाडा
लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, चिनी मातीचे फ्यूज, दोन पिनांचे सॉकेट, अर्थिंगचा पत्ता नाही. वायरमनकाकांनी फ्यूज उघडला तर आत भलतीच जाड तार. वारंवार उडतो म्हणून कुणीतरी कधीकाळी घातलेली. अशी तार वितळतच नाही, आधी भिंतीतली वायर तापते. मालक-भाडेकरू वादामुळे सगळी वायरिंग बदलणं शक्य नव्हतं, म्हणून निदान मेनला आरसीसीबी लावली. अर्थिंग नसतानाही शॉक बसला तर ती पडते. पण लावल्या लावल्या पडू लागली! घरातले म्हणाले, काढून टाका. काका ऐकेनात. एकेका खोलीची लाइन तोडून बघत शेवटी न्हाणीघराच्या ओल आलेल्या भिंतीतला वायरचा जोड सापडला. त्या भिंतीला हात लावून आम्ही रोज नळ सोडत होतो. पडणारी आरसीसीबी कुणी काढायला सांगितली, तर कृपया काढू नका.

कोथरूड
हॉलमधला धुराचा अलार्म मिरचीच्या फोडणीला हमखास वाजायचा. स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावला, धुराचा झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये हलवला. त्रास संपला. रंगकाम झाल्यावर आतली धूळ साफ करून घ्या. आणि मागची तारीख वाचा, दहा वर्षांनी बॅटरी नव्हे, अख्खा डिटेक्टरच बदलायचा असतो.

वाकड, सोसायटी कमिटी
२००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू असल्याचा 'बी' फॉर्म घ्यावा लागतो. कागद येतो, फाईलला लागतो. यंदा आम्ही दोघं एजन्सीच्या माणसाबरोबर मजल्यामजल्यावर फिरलो. एका मजल्यावर हूटर (आगीचा भोंगा) मुका. तळाच्या अलार्म पॅनेलचा आवाज खोट्या अलार्मना कंटाळून बंद केलेला. दोन्ही त्याच दिवशी दुरुस्त करून घेतलं. सह्या करण्याआधी फिरा.

*धागाकर्ती: हे फार महत्त्वाचं. रात्रपाळीच्या वॉचमनलाही पॅनेल दाखवून ठेवा.*

धनकवडी, मी स्वतः वायरमन
लोक विचारतात, एमसीबी चांगली असूनही प्लग कसा जळाला? दोन हजार वॅटचा गीझर साधारण नऊ अँपिअर घेतो. सॉकेटमधला स्क्रू सैल असेल तर तेवढ्याच करंटने तिथला जोड तापत जातो. करंट वाढलेलाच नाही, मग एमसीबी पडणार कशी? म्हणून गीझर चालवल्यावर बंद करून प्लग काढा, हात लावून बघा. चांगलाच गरम लागला, पिन तपकिरी झाली किंवा जळकट वास आला, तर सॉकेट बदला. गीझरला सोळा अँपिअरचंच सॉकेट हवं, कन्व्हर्टर पिन लावून सहाच्या सॉकेटवर चालवू नका.

हडपसर
अलार्म वाजतो, पण आईला ऐकू येतो का? दार लावून, ती झोपलेली असताना वाजवून पाहिला. जागी झाली नाही. वयपरत्वे बारीक, टिपेचा आवाज आधी जातो. तिच्या खोलीत घरातल्या अलार्मला जोडलेला, दिवा लखलखणारा अलार्म बसवला.

औंध
पार्किंगमध्ये गॅलरीतून सोडलेल्या एक्स्टेन्शनवर स्कूटर चार्ज व्हायच्या. आता मीटररूममधून स्वतंत्र लाइन आणि वेगळी आरसीसीबी.

सिंहगड रोड
धागा वाचून आत्ता बटण दाबलं. काहीच झालं नाही. आता?

*धनकवडी:* वीज चालू असताना दाबलंत ना? तरी पडली नाही तर आरसीसीबी खराब आहे, बदलावीच लागेल. तोवर गीझर, वॉशिंग मशीन वापरू नका. जुन्या आरसीसीबीचा फोटो घ्या, त्यावर अँपिअर आणि पोल लिहिलेले असतात. तापकीर गल्लीत मिळेल, आयएसआय खूण आणि ३० मिलिअँपिअर बघून घ्या. बसवल्यावर वायरमन निघायच्या आत त्याच्यासमोर बटण दाबा.