प्यूचा आकडा गोव्यावर लावू नका

फोंडेकर : बार्देशकारांनी लिहिलंय की प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2021च्या अहवालात 36 टक्के हिंदूंना मुसलमान शेजारी नको, तेव्हा गोव्यातही तेच, आपला सलोखा फक्त चर्चच्या फेस्तापुरता नि देवळाच्या जत्रेपुरता. वाचून डोकं सणकलं. अहो, देशभर 29,999 लोकांना विचारलं, त्यात ख्रिश्चन 1,011. देशातल्या ख्रिश्चनांपैकी गोव्यात जेमतेम 1.3 टक्के, म्हणजे प्रमाणात धरलं तर तेरा-चौदा माणसं! त्यावरून शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण बहिणी मानणाऱ्या लोकांच्या मनातलं सांगणार?

बार्देशकार : सायबिणीला तेल वाहणं वेगळं आणि फ्लॅट भाड्यानं देणं वेगळं हो. माझ्या मुलाचा मुसलमान मित्र पर्वरीत जागा बघत होता, नाव सांगितलं की "कालच गेली". त्याच अहवालात 84 टक्के म्हणतात सगळ्या धर्मांचा आदर हवाच. आदर आहे, पण लांबून.

डिचोलीची सून : धर्माचं सोडा, इथं खरा राग भायल्यांवर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर आहे. मी बेळगावची, इतकी वर्षं संसार केला तरी भांडण झालं की "घाटी" ऐकावं लागतं, आणि तेही देवळातल्याच बायकांकडून. हे कुठल्या सर्व्हेत विचारतात?

पेडणेकर : भायले कोण हे ठरवणाऱ्यांनी 1967चा जनमत कौल आठवावा. फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला, 1,38,170 मतं; दोन पानांना, म्हणजे वेगळं राहायला, 1,72,191. आमचे वडील फुलाला मत देणारे, त्यांना गावातच मरेपर्यंत गद्दार म्हटलं. मराठी वाचत होते एवढाच गुन्हा!

फोंडेकर : पेडणेकरबाब, विषय काय नि तुम्ही नेला कुठं! निदान कौलात प्रत्येकाचं मत मोजलं गेलं, नमुना नव्हता.

पेडणेकर : प्रत्येकाचं? मुंबईतल्या गोंयकारांना मत होतं का? उगाच ठोकून देऊ नका.

बार्देशकार : नेमकं! आज गोव्यातल्या साष्टी तालुक्यात घरांना कुलूप, माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. सर्व्हेवाला कोणाचं दार वाजवणार? तेरा-चौदाचा मुद्दा मानतो, नाइलाजानं. पण मग गोव्याचा वेगळा सर्व्हे मागा, तालुकावार, घरमालकांसोबत भाडेकरूंनाही विचारा. नुसतं "आमच्यात तसं नाही" म्हणू नका.

डिचोलीची सून : आणि विचारायला कोण येतं तेही बघा. कोंकणी बोलणारी मुलगी दारात आली तर माझी सासू भायल्यांबद्दल सगळं मोकळेपणी सांगेल, हिंदी बोलणारा आला तर "सगळे चांगले" म्हणून दार लावून घेईल.