मदत हवी आहे : माळावरच्या वणव्यासाठी गावाची तयारी

नमस्कार मंडळी. आमचं गाव उत्तर सोलापुरात, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला. फेब्रुवारी उजाडला की माळावरचं कुसळी गवत वाळून कडकडीत होतं. त्यात कुणी बांध पेटवतं, कुणी उसाचं पाचट, आणि दुपारचं वारं सुटलं की आग थेट माळावर. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, लांडग्यांची पिल्लं, शेळ्यामेंढ्यांचा चारा, सगळंच धोक्यात.

आता आम्ही पोरं लिंबाचे ओले डहाळे घेऊन झोडपतो. धुरात डोळे चुरचुरतात, विझलेलं मागून परत पेटतं. यंदा आधीच तयारी करायची आहे.

वनखात्याची हेल्पलाइन १९२६ माहीत आहे, पण गाडी येईपर्यंत आपणच असतो. गावाच्या हद्दीत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, किती रुंद काढावी? नांगरून चालेल की गवत कापून? जाळून काढायची माझी तरी छाती होत नाही. ट्रॅक्टरच्या फवारणी ब्लोअरनं गवताची आग आटोक्यात येते का? आणि पाचट न जाळता कुट्टी करायला लोकांना कसं तयार केलंत? भांडून उपयोग होत नाही, भाऊबंदकी आडवी येते.

ज्यांच्या गावात हे जमलंय त्यांनी सविस्तर सांगा.