प्रार्थना कोरडी पडली की नेमकं काय करता? (अनुभव धागा)

पलासियाकर
सलाम मंडळी. आज माळा आवरताना जुनं ‘उपासना संगीत’ हे ख्रिस्ती गीतांचं पुस्तक निघालं. आत चिठ्ठी, त्यावर पेन्सिलीनं एवढंच: “स्तोत्र 13”. म्हणून हा धागा.
बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं हे सहा वचनांचं स्तोत्र. पहिल्या दोन वचनांत चार वेळा “कोठवर”, 3-4 मध्ये मागणं, 5-6 मध्ये भरवसा. मोठ्यानं वाचलं तरी मिनिटभराचं काम. चूक होते ती घाईची: “कोठवर” तोंडातल्या तोंडात उरकून लोक थेट भरवशावर उडी मारतात. मग ते शब्द खोटे वाटतात आणि पुस्तक मिटतं. प्रत्येक “कोठवर”पाशी थांबा, आपलं एकेक दुखणं नाव घेऊन सांगा, मगच पुढे. तुम्ही काय करता ते लिहा. उपदेश रविवारी ऐकतोच.

कुकरची_शिट्टी
आणि भरवसा हा शब्दच निघत नसेल त्या दिवशी स्तोत्र 88. त्याचा शेवटच अंधारात होतो, ओढूनताणून गोड केलेला नाही. पण रात्री एकट्यानं नको, सकाळी वाचा. बाकी नंतर, डाळ उतू जातेय

माळेचे_मणी
कॅथलिकांसाठी एक खुलासा. जुन्या लॅटिन क्रमाच्या पुस्तकांत 9 आणि 10 मिळून एकच स्तोत्र आहे, म्हणून पुढचे आकडे एकानं मागे. तुमचं 13 तिथे 12, 88 तिथे 87. आकडा पाहून उघडलंत आणि भलतंच निघालं तर घाबरू नका, पहिली ओळ ताडून बघा.
जपमाळेचंही (रोझरी) तेच. मन लागत नसेल तर पाचही टप्पे ओढत बसू नये, दहा मण्यांचा एकच टप्पा करावा. चारेक मिनिटं लागतात. झोप आली तर उभ्यानं.

भिया_इंदुरी
उभ्यानं केली तर पोह्यांच्या लायनीतही होते भिया 😄 जीरावन (पोह्यांवरचा मसाला) मागायच्या आत टप्पा पुरा

माळेचे_मणी
@भिया_इंदुरी होते ना! खिशात बोटं मोजा, दहा आहेतच.

सुदामानगर_2
जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला (1491-1556) यांचे दोन नियम इथे कामाचे. एक: मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. चर्च सोडणं, सेवा सोडणं, लग्न मोडणं, काहीच त्या आठवड्यात ठरवू नका. दोन: ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसा. 15 मिनिटं ठरली असतील तर 16. का, तर कंटाळा रोज मिनिटभर चोरतो आणि महिन्याभरात प्रार्थनाच उरत नाही.
रात्रीची उजळणी पाच पायऱ्यांची: उपकार आठवणं, प्रकाश मागणं, दिवस तासातासानं पाहणं, चुकलं तिथे क्षमा, उद्यासाठी एक गोष्ट. दहा मिनिटं पुरे. बिघडते चौथ्या पायरीवर, तिथे लोक मुक्कामच ठोकतात.

जुनी_पाटी
चौथ्या पायरीबद्दल अजून. काहींना “नीट म्हटली गेली नाही” या शंकेनं तीच प्रार्थना सात-आठ वेळा म्हणावी लागते. ही भक्ती नव्हे, आजाराची खूण असू शकते. नियम सोपा: एकदाच म्हणायची, अडखळली तरी परत नाही. पापांगीकाराला (फादरांपुढे पाप कबूल करायला) दर वेळी वेगळे फादर गाठू नका, एकाच ठिकाणी जा. आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, थांबायचं नाही. घरच्या एकाला सोबत न्या.

पलासियाकर
@जुनी_पाटी बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे “प्रार्थना वाढवा” हेच औषध सगळ्या रोगांवर.

कुकरची_शिट्टी
आले. बायबलमधलं 1 राजे, अध्याय 19 बघा ना. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो, तर देवदूत आधी भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खाऊ घालतो. प्रश्न विचारायची वेळ डोंगरावर, कितीतरी नंतर. चार दिवस झोप नसताना उपवासप्रार्थना धरणारे हेच उलटं करतात.

भिया_इंदुरी
उपवासावरून आठवलं, राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस) पोहे-जिलेबी चालते का? गंभीर प्रश्न आहे

माळेचे_मणी
एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळा थोडंथोडं, दोन्ही मिळून जेवणाएवढं होता कामा नये. नियम वय 18 ते 59 साठी. तब्येतीमुळे सूट आहे, साखरेच्या रुग्णांनी गोळ्या घेऊन उपाशी राहायचं नाही. पोहे बसतात. जिलेबीचं तुमच्या विवेकबुद्धीवर.

भिया_इंदुरी
विवेकबुद्धी सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बंद असते

सुदामानगर_2
@पलासियाकर ते पुस्तक उन्हात वाळवू नका हं, पिवळी पानं तडकतात. सावलीत, पंख्याखाली, उभं उघडून. शिवण सुटली असेल तर टेप अजिबात नको, डिंक पुढे तपकिरी होतो.

पलासियाकर
टेप लावून झाली 🙈