एकाच सर्व्हरवर कोण किती बँडविड्थ वापरतो, हे मोजायचे कसे?

वाटेकरी (धागाकर्ता): आम्ही काही मित्रांनी मिळून एक व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरवरील स्वतंत्र आभासी सर्व्हर) भाड्याने घेतला आहे. त्यावर डेबियन ही लिनक्स कार्यप्रणाली आणि अपाची हा वेब सर्व्हर असून प्रत्येकाच्या संकेतस्थळासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे अपाचीतली वेगळी मांडणी, आहे. महिन्याला १ टीबीपेक्षा जास्त डेटा बाहेर गेला की दर जीबीमागे पैसे पडतात, आणि ते आम्ही समान वाटून भरतो. एकाकडे कीर्तनांची ध्वनिमुद्रणे आहेत, दुसऱ्याकडे दिवाळी अंकांच्या पीडीएफ आहेत, आणि ज्यांच्याकडे केवळ मजकूर आहे ते आता कुरकुर करू लागले आहेत. प्रत्येकाचा वापर वेगळा कसा मोजावा? खर्च मात्र शून्य हवा.

खडकवासलेकर: व्हीएनस्टॅट बसवा आणि निश्चिंत व्हा. माझ्याकडे कित्येक वर्षे विनातक्रार चालू आहे.

रोजमेळ: व्हीएनस्टॅट नेटवर्क कार्डावरून एकूण किती डेटा गेला ते सांगतो, कोणाचा गेला ते त्याला कळत नाही. हिशेब अपाचीच्या लॉगमधूनच (प्रत्येक विनंतीच्या नोंदींमधूनच) करावा लागेल, आणि त्यातही लॉगच्या साच्यात ‘%’ पुढे लहान ‘बी’ आहे की मोठा ‘ओ’, ते आधी पाहा. लहान ‘बी’ फक्त उत्तराचा आकार नोंदवतो, त्यात हेडर (उत्तराआधी जाणाऱ्या तांत्रिक ओळी) धरले जात नाहीत, आणि श्रोत्याने कीर्तन मध्येच बंद केले तर प्रत्यक्ष गेलेला डेटा आणि हा आकडा जुळत नाही. मोठा ‘ओ’ मॉड-लॉगआयओ या अपाचीच्या जोडभागाकडून येतो आणि खरोखर पाठवलेले बाइट्स देतो.

सर्वसंपन्न: सरळ सीपॅनेल हे सर्व्हर सांभाळण्याचे विकतचे सॉफ्टवेअर घ्या. प्रत्येक खात्याचा वापर आलेखासह समोर दिसतो. चांगल्या वस्तूला पैसे पडतातच, आणि मी ते आनंदाने भरतो.

रोजमेळ: धागाकर्त्याने खर्च शून्य लिहिला आहे. शिवाय २०१९ पासून सीपॅनेलचा दर खात्यांच्या संख्येवर ठरतो, म्हणजे मोजण्याचाच खर्च वाटून घ्यावा लागेल.

तटबंदी: आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमधील ओनर मॅचने यूआयडीनुसार, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या वापरकर्त्याच्या क्रमांकानुसार, मोजा. कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) खोटे बोलत नाही.

पहारा: कर्नल खोटे बोलत नाही, पण येथे त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. सर्व संकेतस्थळांची पाने अपाची ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या एकाच वापरकर्त्याच्या नावाने पाठवतो, त्यामुळे सारा आकडा त्याच्याच खात्यावर पडेल. एसएफटीपी किंवा आरसिंक या फायली हलवण्याच्या साधनांनी उतरवलेले बॅकअप मात्र अपाचीच्या लॉगमध्ये येत नाहीत, आणि बिलात येतात, हे विसरू नका.

खडकवासलेकर: आयपी पत्त्यांनुसार बेरीज का करत नाही?

पहारा: आयपी पत्ता वाचकाचा असतो, संकेतस्थळाच्या मालकाचा नव्हे. मोबाइल कंपन्यांकडे तर असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात.

डेबियनभक्त: इतकी उठाठेव कशाला? डेबियनच्या मूळ मांडणीत ‘कंबाइंड’ साच्यात मोठा ‘ओ’ आधीपासूनच आहे, आणि ‘व्हीहोस्ट-कंबाइंड’ साच्यात ओळीच्या सुरुवातीला संकेतस्थळाचे नावही येते. तोच साचा सर्वांना लावा आणि ऑक या मजकूर चाळणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीत नावानुसार बाइट्सची बेरीज करा. फक्त जुने लॉग बाजूला काढणारा लॉगरोटेट रोज फिरतो आणि चौदाच जुन्या फायली ठेवतो. महिनाअखेरीस हिशेबाला बसलात तर पहिला पंधरवडा हाती लागणार नाही. म्हणून रोजची बेरीज क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनाने) वेगळ्या फायलीत लिहीत जा.

सर्वसंपन्न: पुन्हा सांगतो, सीपॅनेलमध्ये हे सारे आपोआप होते.

वाटेकरी (धागाकर्ता): सर्वांचे आभार. डेबियनभक्तांच्या पद्धतीने एका आठवड्याची बेरीज केली असता अपेक्षेप्रमाणे ध्वनिमुद्रणांचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. ते पाहून कीर्तनवाल्या मित्राने स्वतःच्या खर्चाने वेगळा लहान व्हीपीएस घ्यायचे ठरवले आहे. तिथला वापर सर्व्हर भाड्याने देणारी कंपनीच मोजून देईल. उरलेला डेटा १ टीबीच्या पुष्कळ आत बसतो, त्यामुळे क्रॉन, आयपीटेबल्स आणि सीपॅनेल यांपैकी काहीच बसवत नाही.

रोजमेळ: पीडीएफवाल्यांची दिवाळी येऊ द्या, मग हाच धागा पुन्हा वर काढावा लागेल. निदान मोठा ‘ओ’ तरी राहू द्या.