मदत हवी आहे: क्रूझचा पहिला दिवस आणि मैत्रिणीला बोट लागायची भीती

नमस्कार मंडळी, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, तिघी नाशिकमधेच आणि एक सिन्नरला असते, संक्रांतीनंतर मुंबई-गोवा क्रूझला चाललोय. तिकिटं झाली, रजा मंजूर झाल्या. बोर्डिंग दुपारी एकला आहे बॅलार्ड पिअरवरून आणि जहाज संध्याकाळी पाचला सुटणार.

काळजी आहे ती सिन्नरच्या मैत्रिणीची. तिला गाडी लागते, आणि थोडीथोडकी नाही, कसारा घाट उतरेपर्यंत बिचारी पार गळून जाते. त्यात गुडघे दुखतात आणि बीपीची गोळी चालू आहे. गेली काही वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं हिनेच केलं, या काळात ती दिवाळीला माहेरीसुद्धा धड राहिली नाही. आता कुठे आम्ही मागे लागून तिला तयार केलंय. तिचं मागणं एवढंच की जहाज धक्क्यावरून निघताना चौघींनी डेकवर एकत्र उभं राहायचं. बाकीच्या दोघी म्हणतात उलटीची गोळी देऊन झोपवून टाकू रात्री उठेल, पण मला ते अजिबात पटत नाही, तो क्षण तिचा चुकला तर मलाच चैन पडणार नाही.

तर विचारायचं असं की ट्रेनने जावं का गाडी करून, समृद्धीवरून आता लवकर होतं म्हणतात. गोळी नक्की कधी द्यायची? आणि खोली आम्हाला पुढच्या टोकाला मिळालीये, बिनखिडकीची, तिथे जास्त हलतं का? सामानाचं काय करतात तेही सांगा. शिवाय पहिल्या दिवशी कसला तरी सराव असतो म्हणे, गुडघेदुखीवाल्यांना त्यातून सूट मिळते का?

प्रतिसाद:
ताई, तिला रेल्वेत त्रास होत नसेल तर डोळे मिटून पंचवटी एक्सप्रेस घ्या. समृद्धी इगतपुरीपासून आमणेपर्यंत सुरू झालाय जून २०२५ पासून, घाट सुसह्य झालाय हे खरं, पण पुढे भिवंडी-ठाण्यात अडकलात की थांबत थांबत जाणं तिला जास्त बाधेल. पंचवटी वेळेवर असली तर अकराच्या आत सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर अगदी जवळ.

खोलीचं म्हणाल तर टोकाला हलणं जास्त जाणवतं, सगळ्यात कमी ते खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध. आत्ताच फोन करून बदलून मागा, रिकामी असेल तर देतात. मोठं सामान टर्मिनलवरच घेतात, खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून गोळ्या, आधारकार्ड, एक स्वेटर, सगळं खांद्याच्या पिशवीत. इस्त्री, किटली नेऊ नका, काढून घेतात.

सराव म्हणजे संकटात जहाजावर कुठे जमायचं त्याची तालीम, ती मात्र सगळ्यांना करावीच लागते आणि करावी. २०१२ मध्ये इटलीत कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांचा तोवर सराव झालाच नव्हता. म्हणून २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या सराव घ्यायचा असा जगभरचा नियम आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की ठरलेल्या जागी जायचं. तेव्हा लिफ्ट वापरू देत नाहीत, तर चढल्या चढल्या रिसेप्शनला गुडघ्याचं सांगून ठेवा, मदतीला माणूस देतात.

दुसरा प्रतिसाद:
माझं मेडिकलचं दुकान आहे म्हणून गोळीबद्दल लिहितो. अ‍ॅव्होमिन साधारण तास-दोन तास आधी घेतात, उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. झोप येते हे खरं. पण मुंबईचं बंदर आडोशाचं आहे, कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडेपर्यंत पाणी शांतच असतं. म्हणजे सकाळी ट्रेनसाठी देऊच नका, साडेचारच्या सुमारास द्या, निघताना ती जागी असेल आणि उघड्या समुद्रात जाईपर्यंत गोळी लागू पडेल. बीपीच्या गोळीबरोबर चालेल ना हे मात्र तिच्या डॉक्टरांना आधी विचाराच. पोट रिकामं ठेवू नका, तेलकटही नको, आलेपाक जवळ असू द्या. मळमळलं तर खोलीत नेऊन निजवू नका, डेकवर मधल्या भागात बसवून लांब क्षितिजाकडे बघायला सांगा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. रेल्वेत तिला काहीच होत नाही, त्यामुळे पंचवटीच पक्की, आदल्या रात्री तिला नाशिकरोडला माझ्याकडेच मुक्कामाला आणते. डॉक्टरांना उद्या फोन करतो आम्ही. खोलीचंही विचारलं, मधल्या भागातली एक आहे पण फरकाचे पैसे पडतील, ते आम्ही तिघी वाटून घेतोय, तिला सांगणार नाही. आता एकच राहिलं, निघताना गेटवे आणि ताज कुठल्या बाजूला दिसतात? म्हणजे खुर्च्या आधीच जाऊन धरते, तिला उभं राहायला नको.