अनुभव धागा: प्लगइनचे रीराइट रूल आणि हट्टी ४०४

वर्डप्रेस प्लगइनमध्ये स्वतःचे यूआरएल बनवताना हमखास अडकायला होतं. रीराइट रूल (कोणत्या पत्त्याला काय दाखवायचं ते सांगणारा नियम) बरोबर दिसतो, पान मात्र ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. बोलायला उदाहरण धरू ‘किल्ले/रायगड’ या पत्त्याचं. कुठे अडकतं, कशाने सुटतं ते नेमकं लिहा. नुसतं ‘पर्मालिंक (पत्त्यांच्या रचनेचं सेटिंग) सेव्ह करा’ नको, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

*

तरी सुरुवात तिथूनच. सेव्ह केल्यावर चाललं, तर रूल ठीक आहे, फ्लशची (रूलची यादी नव्याने बांधण्याची) वेळ चुकली आहे. रूलची यादी डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलात साठवलेली असते, कोड बदलला तरी जुनीच वापरली जाते. अ‍ॅक्टिव्हेशन हुक (प्लगइन चालू करताना चालणारा कोड) चालतो तोवर ‘इनिट’ (दर विनंतीला रूल नोंदवायची नेहमीची पायरी) होऊन गेलेलं असतं. म्हणून त्या फंक्शनमध्ये आधी रूल स्वतः नोंदवा, मग फ्लश. प्लगइन अपडेट झाल्यावर हा हुक चालतच नाही, तेव्हा व्हर्जन ऑप्शनमध्ये ठेवा आणि बदलला तरच एकदा फ्लश करा. ‘इनिट’मध्ये कायमचा फ्लश ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती: दर पानाला अख्खी यादी नव्याने बांधली जाते हो!

*

अ‍ॅड-रीराइट-रूलचा (हे रूल नोंदवायचं फंक्शन) तिसरा पॅरामीटर बघा, रूल यादीत वर की खाली ते तो ठरवतो. काही दिलं नाही तर ‘बॉटम’. मग वरचा पानांचा सर्वभक्षी रूल ‘किल्ले/रायगड’ला पान समजून गिळतो. ‘टॉप’ द्या. खात्री करायला डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेसचं कमांड-लाइन साधन) रीराइट लिस्ट कमांड ‘मॅच’ पर्यायासह चालवा. त्या पत्त्याला कोणकोणते रूल लागू पडतात ते क्रमाने दिसतं. पहिला लागू पडेल तोच खरा. पॅटर्नच्या सुरुवातीला स्लॅश नको, वर्डप्रेस तो आधीच काढून टाकतं.

*

दुहेरी अवतरणचिन्हांची चूक! क्वेरीत $मॅचेस[१] (पॅटर्नच्या पहिल्या कंसात जुळलेला भाग) आहे आणि स्ट्रिंग दुहेरी अवतरणात, तर पीएचपी त्याला तिथेच व्हेरिएबल समजते आणि जागा रिकामी राहते. एकेरी अवतरण वापरा. शिवाय क्वेरी इंडेक्स-पीएचपीनेच सुरू व्हायला हवी. नाहीतर तो बाहेरचा रूल ठरून अपाची सर्व्हरच्या सेटिंग-फाइलकडे, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसकडे जातो.

*

४०४ नाही, पण मुखपृष्ठासारख्या ताज्या पोस्ट दिसतात? रूल लागला आहे, पुढचं राहिलंय. क्वेरी व्हेरिएबल ‘क्वेरी व्हार्स’ फिल्टरमध्ये नोंदवा, गेट-क्वेरी-व्हारने वाचा (डॉलर-गेट या पीएचपीच्या यादीत, जिथे पत्त्यातल्या ? नंतरची मूल्यं असतात, ते येत नाही) आणि ‘टेम्प्लेट इन्क्लूड’वर आपली फाइल द्या. व्हेरिएबलला ‘नेम’, ‘इयर’ अशी नावं देऊ नका, ती वर्डप्रेसची स्वतःची आहेत. पुढे प्लगइनचं नाव जोडा. भलत्याच पोस्टवर ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) होत असेल तर तो वर्डप्रेसच्या कॅनॉनिकल रीडायरेक्टचा (पत्ता आपोआप दुरुस्त करण्याचा) अंदाज. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, म्हणून तपासणी कर्ल या कमांडने.

*

साध्या पोस्टचे सुंदर पत्तेही मेले असतील तर प्लगइन सोडा, सर्व्हर बघा. अपाचीत मॉड-रीराइट चालू आणि ‘अलाउ ओव्हरराइड’ परवानगी देणारं हवं. एनजिनएक्स (दुसरा सर्व्हर) एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही, तिथे ट्राय-फाइल्स या सेटिंगच्या शेवटी इंडेक्स-पीएचपी हवं. आणि रूटमध्ये ‘किल्ले’ नावाचा खरा फोल्डर असेल तर नुसत्या ‘किल्ले/’ या पत्त्याची विनंती वर्डप्रेसपर्यंत पोचतच नाही. बहुधा ४०३ (परवानगी नाही) दिसेल.

*

मराठी स्लगवाल्यांसाठी. स्लग (पत्त्यातलं पोस्टचं नाव) % चिन्हांच्या कोडमध्ये साठवला जातो, देवनागरीचं एकेक चिन्ह ९ अक्षरं खातं. काना, मात्रा, हलन्त वेगळे धरायचे. ‘महाराष्ट्र’ म्हणजे १० चिन्हं, ९० अक्षरं. कॉलमची मर्यादा २००, त्यामुळे साधारण २२ चिन्हांनंतर स्लग कापला जातो आणि लांब शीर्षकाची लिंक अर्धवट दिसते. रूलमध्ये फक्त रोमन अक्षरं, अंक आणि डॅश चालणारा पॅटर्न लिहिला असेल, तर मराठी नाव कधीच जुळणार नाही. ‘स्लॅश सोडून काहीही’ या अर्थाचा ([^/]+) टाका, शेवटी /?$ ठेवा आणि मग एकदा फ्लश करा.