फाशी कायद्यात हायच की

काका, ‘ड्रग्ज विकणाऱ्याला सिंगापूरसारखं लटकवा’ म्हणताय. आमच्या टिळकवाडीत कट्ट्यावर विचारलात तर सगळे माना हलवतील. राग मलाबी येतो, गल्लीतली दोन पोरं वाया गेलेली बघितलीत. पण फाशी आपल्याकडं हायच की ओ! एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात १९८९ साली ३१-अ कलम घातलं : ठरावीक वजनावरच्या मालात दुसऱ्यांदा दोषी ठरला की फाशीच. २०११ मध्ये मुंबई हायकोर्टानं ‘फाशीच’मधला ‘च’ काढला, २०१४ला संसदेनं कैदेचा पर्याय कायद्यातच लिहिला. सिंगापुरात १५ ग्रॅमवर हेरॉइनची तस्करी म्हणजे फास, तरी तिथं अजून माणसं सापडतातच. आणि निपाणीच्या हायवेवर सापडतो कोण? पिशवी नेणारा पोऱ्या. पाठवणारा मालक कधी बघितलाय काय तुम्ही?